ढेपेवरचा दात

राजूर,
१२ एप्रिल १९७४

सौ. कौसल्यावन्संना आशावहिनीचा नमस्कार.

घरी सगळे खुशाल. तुमच्या भावाचा खोकला बरा आहे, म्हणजे बिडी परत चालू झाली. म्हैस व्याली. आत्याबाईंचे गुडघे धरलेत, सासूचं तोंड मात्र ठणठणीत आहे.

सध्या शेवयांचे दिवस. दुपारी गल्लीतल्या बाया आपल्या अंगणात जमतात. त्यांचे हात चालतात, माझं तोंड. मास्तरीणबाई मासिक देतात, त्यातल्या एका लेखिकेच्या गोष्टी मी वाचते. बायांना दुसरं कुणी चालत नाही. केशरबाई म्हणते, "बाकीच्यांच्या गोष्टीत दिवाणखाना असतो. हिच्यात चूल हाय, अन् चुलीपाशी भांडण हाय."

ती लेखिका कोण, हे मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही नाव बदलून लिहिता, पण सून चोरून खाते का ते कळावं म्हणून गुळाच्या ढेपेवर दाताची खूण करणारी सासू जगात दुसरी कुठे असणार?

गंमत म्हणजे, त्या सासूवर सगळ्यात जास्त तोंडसुख आत्याबाईंनीच घेतलं. गोष्टीत तिनं मनासारखं लग्न केलेल्या लेकीचं घरात नाव घेणंही बंद केलं तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "काय बाई हाय. काळीज हाय का पाटा?" मी मान खाली घालून वाचत राहिले.

मंगळवारी ढेपेचा भाग आला. बाया हसून हसून लोळल्या. आत्याबाई तेवढ्या उठून आत गेल्या. रात्री जेवल्या नाहीत.

सकाळी मला म्हणाल्या, "आशे, तिला लिही."

"कुणाला?"

"गप. मला वाचता येत न्हाई, पण कळतं बराबर. म्हणावं, दाताची खूण सुनंसाठी नव्हती. तूच गूळ चोरायचीस, अन् तुला जंत झालते. लिहायचं तर खरं लिही. म्हाईत नसलं तर येऊन इचार."

वन्सं, इतकी वर्षं ती खूण माझ्यासाठी आहे असंच मी समजत होते. गुळाला हातसुद्धा लावला नाही हो.

लग्नानंतरच्या तीन वर्षांत तुमचं नाव या घरात पहिल्यांदा निघालं, म्हणून ही बातमी शेवटाला राखली, बाकीची आधी उरकली.

काल बाजारातून नवी ढेप आणली. आत्याबाईंनी दात लावला नाही. फडताळात तुमचा हात पुरेल एवढ्या उंचीवर ठेवली आहे. जावईबापूंना घेऊन या.

तुमच्या गोष्टीतली, पण गूळ न चोरलेली,
आशावहिनी