गुरुवारचा दशक्रिया विधी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
आले एकदाची काष्टीला! पुण्यातल्या तीन रेडिओ स्टेशनांनी आवाज चिरका म्हणून परत पाठवलेली शुभांगी आता इथल्या गावरेडिओची निवेदिका. दोन खोल्या, भिंतींना ठोकलेल्या गाद्या आणि विजयमालाताई. चहापासून मशीनपर्यंत सगळं त्याच बघतात. पहिल्याच तासात त्यांनी नियम सांगितले. गाणी, कांद्यावरचा करपा, पाककृती चालतील, राजकारण वर्ज्य. रोज सकाळी पावणेआठला दशक्रियेच्या चिठ्ठ्या वाचायच्या. लोक त्या दारातल्या पेटीत टाकतात. घरच्यांना फोन करून खात्री केल्याशिवाय एकही वाचायची नाही. रेडिओवर आल्याशिवाय म्हणे इथे पाहुणेसुद्धा निघत नाहीत. मला हसूच आलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
तालुक्यात कुणाच्या तरी स्टेटसवरून दगडफेक झाली, दोन दुकानं जाळली. माझ्या दुपारच्या गप्पांचा विषय होता हुरडा, पण फोन सगळे त्या दगडफेकीचेच. कापायला हवे होते. नाही कापले. लाइनी भराभर लुकलुकत होत्या आणि मला मजा येत होती, खोटं कशाला लिहू? एकाने 'त्यांना' धडा शिकवायची भाषा केली. त्यालाही मी, मत मांडल्याबद्दल आभार, असं गोड आवाजात म्हटलं. मग मोबाईल दुरुस्त करणारा प्रवीण बोलला. जाळणाऱ्यांत त्याची गिऱ्हाइकं होती म्हणे, नावं सांगू का, म्हणाला. मी घाईने गाणं लावलं.

१० फेब्रुवारी, सोमवार
ताई लग्नाला गेलेल्या. मला उठायला उशीर, चिठ्ठ्या अकरा. कुणालाच फोन केला नाही, धडाधड वाचून टाकल्या.
नऊ वाजता प्रवीण दारात. हसत म्हणाला, "म्याडम, मी जित्ता हाय की!" प्रवीण जालिंदर साळवे, दशक्रिया विधी गुरुवारी सकाळी आठला, नदीकाठी. मीच वाचलं होतं. पूर्ण नावावरून ओळखलंच नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी रेडिओवर माफी मागितली.

११ फेब्रुवारी, मंगळवार
चिठ्ठी बघून ताई म्हणाल्या, साळव्यांचं घर बौद्ध. त्यांच्यात दशक्रिया नसतो, जलदानविधी असतो. म्हणजे चिठ्ठी घरच्यांची नाही. ज्याने टाकली त्याने दिवससुद्धा ठरवून ठेवलाय.
माफी आज तीनदा वाचली. तरी फोन येताहेत. लई वाईट झालं, पोरगं चांगलं हुतं. मी ओरडून सांगते, जिवंत आहे. तिकडून शांतपणे म्हणतात, रेडिओवर आलंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार
दोन दिवसांत त्याच्या दुकानाची पायरी कुणी चढलं नाही. त्याची आई बनाबाई त्याला घेऊन पोलिसांकडे गेली. तो शेजारी उभा असताना हवालदाराने तिचं सांत्वन केलं. एसटीच्या कंडक्टरने तिकीट दिलं ते एकट्या आईचं. मी त्याला इथेच ठेवून घेतलंय.
माइकसमोर बसवलं. तो बोलला, मला नीट ऐकू आलं. मशीनवरची सुई मात्र जागची हलली नाही. माझ्या श्वासानेही हलते ती. ताईंनी तीन माइक बदलले —
रेकॉर्डिंगमध्ये फक्त खुर्ची करकरते.
हे मी केलं. एक फोन करायला काय झालं होतं मला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी सात-पन्नास
माणसं नदीकडे चाललीत. पांढरे कपडे, टोप्या. काही जण खरंच रडताहेत.

आठ-पाच
नदीवरून इकडे वळले. ताई दाराला टेबल लावताहेत. कुणी शिव्या देत नाही. हलक्या आवाजात म्हणतात, टाइम झाला म्याडम, द्या त्याला —

आठ-बारा
प्रवीण माझ्या मागे. सोडणार नाही म्हटलंय त्याला. माइक चालू आहे, सांगतेय, जिवंत आहे, इथे आहे —
टेबल सरकतंय.
प्रवीणने खांदा गदागदा हलवला. काहीतरी सांगतोय. ओठ हलताहेत, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्यात, ओरडतोय बहुतेक. आणि मला —