विंडोज झोपलेली आहे

३ मार्च, मंगळवार. संध्या. ७.१०
घरात कॉम्प्युटर एक, सिस्टिम दोन. विंडोज आईची, लिनक्स माझी. आई शिवणवर्गाची पुस्तिका लिहिते आहे. मजकूर तिचा, कटिंगच्या आकृत्या माझ्या. तीस वर्षं तिने जे फळ्यावर खडूने काढलं आणि पुसलं, ते पहिल्यांदाच छापून येणार. वीस तारखेला छापखान्यात द्यायचं. उशीर झाला तर नव्या वर्गाला मिळणार नाही.
दोन्हीकडून उघडणारा एक फोल्डर करते. नाव 'सामायिक'. अंदाज: चाळीस मिनिटं.
आईने पेन ड्राइव्ह सुचवला. एकाच डिस्कवरची फाइल बाहेर काढून पुन्हा आत घालायची, हे माझ्या शिक्षणाला शोभणारं नाही, असं शांतपणे सांगितलं. ती बरं म्हणाली.

५ मार्च, गुरुवार
फोल्डर झाला. दोन संध्याकाळी गेल्या. अंदाज चुकला नाही, कामाचा आवाका वाढला. आईने एक फाइल टाकून पाहिली. छान आहे म्हणाली.

८ मार्च, रविवार. स. ११
आकृत्या 'सामायिक'मध्ये कॉपी होत नाहीत. लिनक्सचं म्हणणं, विंडोज झोपलेली आहे. वाचा, पण लिहू नका.
कारण सापडलं. आई कॉम्प्युटर बंद करत नाही, झोपवते. मग दुसऱ्या दिवशी पान होतं तिथेच उघडतं. पूर्ण बंद करत जा, असं सांगितलं. म्हणाली, अगं बाई, बाही अर्धी शिवून झाली म्हणून मी मशीनवरून कापड काढून ठेवते का?
मुद्दा तांत्रिक नव्हता.

११ मार्च, बुधवार
रात्री जेवताना विंडोजचं घड्याळ दुपार दाखवत होतं. दोन सिस्टिम वेळ वेगवेगळी धरतात. मला ठाऊक होतं, यादीत होतं. आई म्हणाली, ती भिंतीवरचं बघते, कॉम्प्युटरने उगाच त्रास करून घेऊ नये.
दादाचा फोन. म्हणाला, दोघी एकाच टेबलाशी बसता, मग हातात देऊन टाका की! त्याला या विषयातलं कळत नाही.
सोमवारपासून या कामाला रोज वीस मिनिटं. नक्की.

१६ मार्च, सोमवार
ऑफिसात दिवसभर लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून दिले. वीस मिनिटं झाली नाहीत. थकले नाही. प्राधान्यक्रम बदलला.

१७ मार्च, मंगळवार. स. ६.४०
विंडोज उठवून नीट बंद करायला चार मिनिटं. दुसरा मार्ग एका ओळीचा: तिने झोपताना जे लक्षात ठेवलं ते पुसून टाकायचं. सेव्ह न केलेलं काम जाईल, असा इशारा आला. इशारे नवख्यांसाठी असतात. एंटर.
तेवीसच्या तेवीस आकृत्या 'सामायिक'मध्ये कॉपी झाल्या. पद्धत सिद्ध.

स. ७.०५
विंडोज कोरी उघडली. आई काल बाहीचं प्रकरण लिहीत होती, ते नाही. 'सामायिक'मध्ये तिची एकच फाइल, पाच तारखेची; बाकी डिस्कवर कुठेच काही नाही. म्हणजे बारा दिवसांचं लिखाण गेलं.
मी शांत आहे.

१८ मार्च, बुधवार
रजा टाकली. फाइली परत मिळवणारे तीन प्रोग्रॅम चालवले. काही नाही. आईला सांगायला योग्य वेळ पाहते आहे. ती दिवसभर कापड बेतत होती, कॉम्प्युटरकडे फिरकली नाही. डोळे का लाल, असं विचारलं. स्क्रीनमुळे, म्हटलं.

१९ मार्च, गुरुवार. संध्या. ६
सांगितलं. तुझं लिखाण गेलं. विंडोजने नाही, मी पुसलं.
आईने हातातला टाका संपवला, दोरा दाताने तोडला. म्हणाली, बटणांचा डबा आण.
डब्यात पेन ड्राइव्ह. त्यात सगळी प्रकरणं, बाहीसकट, रोजच्या रोज सेव्ह केलेली. फोल्डरचं नाव 'हिचं होईपर्यंत'. पहिली फाइल तीन मार्चची.
मला बोलली का नाहीस, असं विचारलं. म्हणाली, तू किती मन लावून करत होतीस!

२० मार्च, शुक्रवार. स. ९.३०
आजही रजा. आकृत्या पेन ड्राइव्हवर घेतल्या. अकरा सेकंद. मोजले. आई तो पर्समध्ये टाकून छापखान्यात गेली.
पेन ड्राइव्ह ही काही पद्धत नव्हे, हे माझं मत कायम आहे.

दु. १
आई आली. पुस्तिका बुधवारी मिळणार. पेन ड्राइव्ह डब्यात नेमका कुठे ठेवायचा, ते विचारून घेतलं. कोटाच्या बटणांखाली.