आभाराच्या यादीत

१४ मार्च, शुक्रवार

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच. तब्येत विचारत नाही, शनिवारी स्टेजवर बघितलं, ठणठणीत आहेस. इकडे ऑफिसचा पंखा पुन्हा कुरकुरतोय. तुझी भाची दात काढून आली. झाली खुशाली.

आता ऐक. आपल्या मालिकेचा पहिला भाग दाखवला तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होते. नावं सुरू झाली. मला अक्षरं जुळवायला वेळ लागतो, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? 'निर्माता' आलं, आणि पुढचं वाचेपर्यंत पाटी गेली. वाटलं, आपलंच नाव असणार, आपलेच डोळे मंद. टाळ्यासुद्धा वाजवल्या मी, मूर्खासारख्या. मग शेजारी बसलेली आपली कपडेपटवाली हळूच म्हणाली, "ताई, तुमचं नाव शेवटी होतं. आभारात. टँकरवाल्याच्या खाली."

टँकरवाल्याच्या खाली! तो मेला दोनदा आला, त्यात एकदा उशिरा.

वर फोनवर मला म्हणतोस, "ताई, चॅनेलवाल्यांना मीटिंगमध्ये बोलणारा माणूस लागतो. आणि त्या पाट्या वाचतं कोण?" मी वाचते. हळू वाचते, पण वाचते.

बावीस वर्षांपूर्वी मी लोकांच्या शूटिंगला कपडे इस्त्री करत होते आणि तू काखेत वही मारून हिंडत होतास. तुझा पहिला सिनेमा उभा कुणी केला? कॅमेरा कुणी मिळवला? बंद शाळेची किल्ली कुणी आणली? नट रुसून गेला तेव्हा त्याच्या आईपाशी दिवसभर कोण बसलं? आणि गोष्टी? प्रत्येक गोष्ट तू मोठ्याने वाचायचास, मी इस्त्री करत ऐकायचे. माझा हात चालूच राहिला तर तो प्रसंग तू फाडायचास, थांबला तर ठेवायचास. त्यापायी तुझे दोन शर्ट जळाले. तेच दोन प्रसंग लोक अजून एकमेकांना सांगतात.

या मालिकेचा करारही तसाच वाचून दाखवलास. आता जे फोनवर बोलले नाही ते लिहिते. सातव्या कलमाला तुझा आवाज पळाला. पडेल प्रसंग वाचताना पळतो, तसाच. मला कळलं. तेव्हाच कळलं. पण वकील समोर बसलेला. "परत वाच" म्हणाले असते तर परक्यादेखत सख्ख्या भावाला चोर म्हटल्यासारखं झालं असतं. म्हणून गप सही केली. तू फसवलंस, आणि मी बघत बघत फसले. जास्त राग कुणाचा येतो, ते अजून ठरत नाही.

रविवारपासून तो करार मीच वाचतेय, बोट ठेवून. सातवं कलम काल संपलं. निर्माता म्हणून तुझं एकट्याचं नाव, आणि ते बदलायचं तर दोघांच्या सह्या हव्यात. सोबत कागद आहे. वकिलाकडून लिहून घेतलाय, प्रत्येक अक्षर वाचून माझी सही केलीय. तुझी जागा रिकामी आहे.

अजून अकरा भाग दाखवायचे आहेत. सही करायची नसेल तर तसं तोंडावर येऊन सांग. फोन केलास तर उचलणार नाही.

दरवेळी खाली 'तुझी ताई' लिहिते. आज हात वळत नाही. आज जे लिहितेय ते खोडायचं असेल, तर माझ्यासमोर बसून खोड.

निर्माती