बाळंतिणीच्या खोलीचा माळा

आई,

साखरशेतच्या आपल्या घरात मी कधी उताणी झोपले नाही. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, तोंड कुडाकडे. उताणं झोपलं की वरचं सगळं दिसायचं, ती आडवी तुळई, ते वासे, धुरानं काळं पडलेलं गवत, आणि त्या गवतात सारखं काही ना काही सळसळायचं. जेवतानाही माझी मान वरच. तू ओरडायचीस, "वर काय बघतीस गं? ताटात बघ. वर काय भाकर लटकवलीय?" मी खाली बघायचे आणि पुन्हा वर. तू ओरडायचीस खरी, पण तूही काही कमी नव्हतीस. चुलीला फुंकर घालायच्या आधी तुझी नजर एकदा छपराला जाऊन यायची, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. आपण दोघींनी ते एकमेकींना कधी बोलून दाखवलं नाही.

धाकटी गेली तेव्हापासूनचं हे. अजून बसायलाही शिकली नव्हती ती. आतल्या खोलीत तुझ्या कुशीत निजली आणि सकाळी उठलीच नाही. अंगावर धड खूण नव्हती. आत्यानं गोधडी झटकली तेव्हा मण्यार बाहेर आली, काळी, अंगावर पांढरे पट्टे, अगदी सावकाश. पावसात उंदीर छपरात शिरतात, उंदरांमागं ती शिरते, आणि गवतातून सुटली की खाली पडते. आपल्याकडं हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी भगतानं कोणाची तरी नजर लागल्याचं सांगितलं, बापूस कोंबडं देऊन आला, आणि सगळे गप्प झाले. तू गप्प झाली नाहीस. तू त्या खोलीत निजायचं सोडलंस, एवढंच.

दोन पावसाळे गेले आणि तुला पुन्हा दिवस राहिले. बाळंतपण येणार होतं ऐन पावसात, आणि बाळंतिणीला आतल्या खोलीवाचून जागा नाही. चुलीच्या बाजूला आपल्याकडं माळा होता, आडवे बांबू आणि त्यावर विणलेला तट्टा, सरपण ठेवायला. तसाच माळा आतल्या खोलीवर घालायचं तू काढलंस. आत्या भाकरी थापत होती, तिचा हात तसाच राहिला. "गरवार बाईच्या घरात खिळा मारायचा नाय," ती म्हणाली. "काय कापायचा नाय, गाठ मारायची नाय. गाठ मारली का पोर आडतं. मंग पोर बी जातं नि आयस बी जाते."

"आन वरून पडलं तर?"

"ते नशीब."

"मंग नशिबाच्या खाली तट्टा घालू," तू म्हणालीस. मला हसू आलं आणि लगेच भीती वाटली, कारण आत्या हसली नाही. बापूस तर उठूनच गेला. अंगणातून म्हणाला, "मी जवारला चाललो, लाकडं वढायला. माझ्या मागं काय केलं ते मला ठावं नाय." माझा बाप वाघाच्या वाटेनं एकटा जायचा, पण आत्याच्या तोंडून 'आडतं' हा शब्द आला की तो घराबाहेर पडायचा. मला त्याचा राग येत नसे, कारण मलाही पळून जावंसं वाटत होतं. एकीकडून सापाची भीती, दुसरीकडून गाठीची, आणि मधे तू. तुझ्या पोटाकडं बघितलं की मला वाटायचं, ही आई आता थोड्याच दिवसांची.

तुझी युक्ती मला आजही पटते. कापणं, विणणं, बांधणं सगळं दुसऱ्याच्या छपराखाली करायचं. आपल्या घरात आडवे बांबू कुडांच्या माथ्यावर नुसते टेकवायचे आणि तट्टा आणून त्यांच्यावर टाकायचा. ना खिळा, ना गाठ, ना कोयता. म्हणजे अंदाज पहिल्याच वेळी बरोबर यायला हवा, घरात आणल्यावर बोटभरसुद्धा कापता येणार नव्हतं. त्या दुपारी तू आतल्या खोलीत जमिनीवर बसून, सरकत सरकत, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या हातानं खोली मोजलीस. जेवढी जमीन तेवढंच छत, वर चढायचं काय काम, असं म्हणालीस. मग चुलीपुढं चिंचोके मांडलेस. इतके बांबू आडवे टाकायला, इतके चिरायला, एका बांबूच्या कामट्या इतक्या, त्यातल्या किडक्या इतक्या सोडायच्या. साग आपल्या बांधावर उभा होता, पण तो संस्थानाचा, त्याला हात लावायची सोय नव्हती. विणणाऱ्याची मजुरी नाचणीत द्यायची. तू कणगीत खांद्यापर्यंत हात घालून तळ चाचपलास आणि तशीच थांबलीस. मग घरच्या नाचणीचे चिंचोके वेगळे मांडून त्यातले काही मजुरीच्या वाट्याला सरकवलेस. मी विचारलं, हे कशाचे? "हे आपल्या सांजच्या भाकरीचे," तू म्हणालीस. "सांजच्याला आंबील पिऊ." त्या माळ्याची किंमत आपण पोटातून दिली, आणि त्याबद्दल मी कधी कुरकुरले नाही. मला वाटायचं, आंबील प्यायली की एक कामटी वाढली.

तट्टे विणणारा म्हातारा गावाबाहेरच्या पाड्यावर राहायचा. जमीन नव्हती त्याला, मिळेल तिथं मजुरीला जायचा, आणि त्या वर्षी तो परतला तो पाऊस लागल्यावर. एरवी माप न्यायचं तर सुंभाची दोरी कापून, तिला गाठी मारून न्यायची. तेच तर करायचं नव्हतं. म्हणून तू मला आकडे पाठ करायला लावलेस आणि मी चिखलातून ते पुटपुटत गेले. म्हाताऱ्यानं विचारलं, "दोरी कुठं?"

"दोरी नाय. आयस गाठ मारत नाय."

त्यानं मान हलवली, त्याला समजावून सांगायची गरज पडली नाही. मी पाठ केलेले आकडे म्हणून दाखवले. "बरं. सात हात रुंद. हातानं तर हातानं." आणि त्यानं आपला हात जमिनीवर टेकून मापायला सुरुवात केली. जन्मभर बांबू चिरून त्याची बोटं आत वळलेली होती, सरळ होतच नव्हती. त्याचा हात तुझ्या हातापेक्षा आखूड भरत होता. हे तेव्हा ना त्याच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

तट्टा आला तो दिवस मला पुसता येत नाही. शेजारच्या दोघांनी गुंडाळी डोक्यावरून आणली, आडव्या बांबूंवर सरकवली, उलगडली. तीन बाजूंनी ती बरोबर बसली. लांबी त्यानं वाढती धरली होती, पण रुंदीत, चौथ्या बाजूला, मागच्या कुडालगत, वीतभर जागा उघडी राहिली. त्या वीतभर फटीतून वरचा काळोख दिसत होता. पूर्ण छप्पर उघडं होतं तेव्हा मला इतकी भीती वाटली नव्हती. आत्या उंबऱ्यावर उभी होती. "बघ," ती म्हणाली, "सटवीनं दार ठेवलं उघडं."

"दार हाय तर राखू," तू म्हणालीस, पण तुझा आवाज नेहमीचा नव्हता. म्हाताऱ्याला निरोप गेला. तो म्हणाला, "वीतभर पट्टी इणून देतो, बांबू तेवढा वल्ला मिळू दे." आणि त्याच दुपारी, वेळेच्या आधी, तुझ्या कळा सुरू झाल्या.

पोरीबाळींनी बाळंतिणीच्या खोलीत थांबायचं नसतं. सुईण मला बाहेर ढकलत होती, आत्या ओढत होती. तू कुडातला खांब धरून उभी होतीस, घामानं भिजलेली, आणि म्हणालीस, "तिला ऱ्हाऊ द्या. तिला वर बघता येतंय." आयुष्यभर माझ्या ज्या खोडीवर ओरडलीस, तिलाच त्या दिवशी तू कामाला लावलंस. मी काठी घेऊन कोपऱ्यात बसले. बाहेर पाऊस कोसळत होता, खोलीत एक दिवा होता, आणि मी त्या फटीवरून डोळे काढले नाहीत. कळ ओसरली की तू विचारायचीस, "काय दिसतंय?"

"काय नाय."

पुन्हा कळ. पुन्हा, "काय दिसतंय?" "काय नाय, आये." सुईण आत्याकडं बघून मान हलवत होती. ती हळूच म्हणाली, पोर आडलंय. आत्यानं तोंडात पदर कोंबला. मी ऐकलं, पण मान वळवली नाही. मान वळवली तर तुझा चेहरा दिसला असता, आणि तो बघायची हिंमत माझ्यात नव्हती. फट बघणं त्याहून सोपं होतं.

तेवढ्यात फटीतून गवताची काडी पडली. मग थोडी माती. मग एक उंदीर धपकन खाली आला आणि सुईणीच्या पायावरून चुलीकडं पळाला. आत्या किंचाळली. तू मात्र माझ्याकडंच बघत होतीस. "उंदीर आला म्हंजे मागं कोण तरी हाय," तू म्हणालीस, दोन श्वासांत तुटलेल्या शब्दांनी. "नजर काढू नको." मी काढली नाही. काठी दोन्ही हातांनी उगारून धरली. आणि त्याच वेळी मागून पोराचं रडणं ऐकू आलं. मुलगा झाला, आत्या रडत सुटली, आणि मी तशीच वर बघत बसलेली. फटीतून काहीच आलं नाही.

म्हातारा पट्टी घेऊन आला तोवर आपण दोघी आलटून पालटून जागलो. पट्टी बसली, फट बुजली, आणि तू पहिल्यांदा पोराला मोकळेपणानं जवळ घेतलंस. तेव्हाच ते ऐकू आलं. तट्ट्यावर, या कुडापासून त्या कुडापर्यंत, सावकाश काहीतरी सरकत गेलं. कामट्या एकेक करून कुरकुरल्या. आपण दोघी त्या आवाजाबरोबर मान फिरवत गेलो. तो थांबला तो बरोबर आपल्या डोक्यावर. तू म्हणालीस, "आता वर हाय. खाली नाय." आणि पोराला छातीशी धरून, उताणी, तू झोपलीस. इतकी गाढ की घोरायला लागलीस. मला त्या क्षणी तुझा हेवा वाटला आणि रागही आला. तुझ्यासाठी भीती संपली होती. माझ्यासाठी ती आता दिसेनाशी झाली होती.

भाऊ जगला. तू पुढं कित्येक पावसाळे त्या माळ्याखाली निजलीस आणि गेलीस ती साध्या तापानं, मी सासरी असताना. मला लिहायला यांनी शिकवलं, लग्नानंतर. तुला अक्षर येत नव्हतं, तेव्हा हे पत्र टाकायचं कुठं हा प्रश्नच नाही. पण दुसऱ्या कोणाला हे सांगण्यासारखंही नाही.

आता मी मोखाड्याला आहे. लेक बाळंतपणाला आली आहे, पहिलंच आहे, आणि पाऊस सुरू आहे. आमच्या घरावर कौलं आहेत, पण कौलांखाली छत नाही, आणि काल कौलांतून खोलीत विंचू पडला. लेक घाबरली. यांनी लगेच सुतार बोलावला. त्यानं फितीनं खोली मोजली, फळ्या किती, पट्ट्या किती, खिळे किती, मजुरी किती, सगळं तोंडावर सांगितलं. अंदाज चोख होता, मी मनात पडताळून पाहिला. परवापासून काम धरतो म्हणाला, आठवड्यात छत तयार, बाळ येईल ते छताखालीच येईल. लेकीचा चेहरा उजळला.

मी म्हटलं, नाही. पोटुशी बाई घरात असताना खिळा ठोकायचा नाही. बाळंतपण झाल्यावर बघू. हे मास्तर माणूस, म्हणाले, "तू कधीपासून हे मानायला लागलीस?" लेक रडकुंडीला आली. मी आत्यासारखी उंबऱ्यावर उभी राहिले आणि हटले नाही. सुतार फीत गुंडाळून गेला.

तू असतीस तर मला झोडपलं असतंस, आणि ते बरोबरच झालं असतं. पोरीच्या डोक्यावर छत हवं, हे मला कळत नाही असं नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर ते माझ्याच माथी येईल, हेही कळतं. पण खिळ्याची मला भीती नाही, आई. लहानपणी गाठीची होती, आता नाही. छत झालं की वरचं मला दिसणार नाही, नुसतं ऐकू येईल. तिची सुटका होईपर्यंत मला ती कौलं उघडी हवी आहेत. तिच्या उशाशी बसून मला वर बघायचं आहे.