न धुता नेलेले कपडे

ता. ३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
प्रशिकचा सप्रेम जयभीम, वि. वि.

म्हणजे तुमचं खरं आणि माझं खोटं, असंच ना? माझं बोलणं अर्ध्यावर असताना तुम्ही फोन काहून ठेवला? मी इथं कान लावून बसलो होतो, मले वाटलं रेंज गेली. मागून आईनं मेघाच्या फोनवरून कळवलं का आता फोनवर लढाईचा विषय बंद. बाप-लेकानं भांडायचं तर कागदावर भांडावं, कागदाचा फोटो पाठवावा, मेघा सगळ्यांना वाचून दाखवेल. म्हणून हे लिहून राहिलो. नववीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे. मेघा, भावाले हासू नको वं.

मुद्दा एवढाच आहे. माझा करार या महिन्यात संपते. लाँड्रीचा मालक म्हणते का आणखी दोन वर्षांची सही कर, पगार दीडपट देतो. वीस तारखेपर्यंत सांगायचं आहे. तुम्ही म्हणता लढाई वाढेल, परत ये. मी म्हणतो, वाढत नाही.

आता माझं पूर्ण ऐका. मी काम करतो त्या देशाच्या शेजारचे दोन देश वर्षभरापासून लढून राहिले. सवाल आहे मोठ्या देशाचा, ज्याची छावणी इथं आमच्या गावाबाहेर आहे आणि ज्याच्या शिपायांच्या वर्द्या आम्ही धुतो. तो मध्ये पडला तर आग इथवर येईल, हे मलेही समजते. पण आपल्याकडं महाल मोहल्ल्यातल्या बोळीत दोन दुकानदार भांडले तर चौकातला पहिलवान लगेच धावत येते का? तो आधी पाहते, आपली मोटारसायकल कुठं उभी आहे. यांची सगळी विमानं, जहाजं इथंच उभी आहेत, दुश्मनाचा दगड पोचेल एवढ्या अंतरावर. मग तो उडी काहून घेईल?

आईले सांगा का मी जेवतो बरोबर. मेघाच्या परीक्षेचं कळवा.

तुमचा,
प्रशिक

ता. ६ फेब्रुवारी, इंदोरा

चि. प्रशिक यास,
बाबांचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

फोन ठेवला नाही, हातून सुटला. आईले विचार. आईनं काय सांगितलं ते मले सांगू नको.

तुझा पहिलवान मले पटला, पण तू त्याले अर्धाच पाहिला. तो एकदा चौकात उभा राहून सगळ्यांदेखत दम देऊन बसला का मग त्याले गाडीची फिकर करता येत नाही. मागं फिरला तर उद्या पानवालाही त्याच्याजवळ पैसे मागते. या मोठ्या देशानं तीन डाव दम दिला आहे. त्याचे दोस्त पाहून राहिले, घरचे लोकही पाहून राहिले, तिकडं निवडणूक आहे म्हणतात. आणि तो विमानानं मारून मोकळा होईल असं तू समजत असशील तर तेही चूक. कामठीचे एक सुभेदार मले कॉलरचं माप देता देता सांगायचे का विमानानं घर पडते, गाव हातात येत नाही. त्याले पायदळ लागते. आणि उतरवलेलं पायदळ परत वर काढायले पिढी जाते. तोवर तुझी लाँड्री राहील का?

तेलाचे व्यापारी गोपाळराव रोज संध्याकाळी कळमन्याच्या मार्केटातून येऊन बसतात. ते सगळी लढाई तेलाच्या पिप्यावर मोजतात. समुद्राचा रस्ता बंद झाला का पिपा दोनशेनं वाढते, एवढंच त्यांचं राजकारण.

माझं तसं नाही. मी कामठीच्या छावणीत चौतीस वर्षं वर्द्या शिवल्या. पेपर खोटा असू शकते, टीव्हीवाला तर ओरडायचेच पैसे घेते, पण शिंप्याले खरं कळते. पलटण हलायची असली का शिपाई कपडे न्यायले येतात. काज व्हायचं आहे, बटण लागायचं आहे, त्याले काही घेणं नाही. तसंच द्या म्हणते. पेपरात ते चार दिवसांनी येते. तू धोब्याच्या कामात आहेस, तुलेही तेच दिसेल. ज्या दिवशी ते कपडे न धुता परत मागतील, त्या दिवशी सही करू नको. निघून ये.

आईनं सांगितलं का रात्रीचं उघड्यावर झोपू नको.

तुझा,
बाबा

ता. १४ फेब्रुवारी

ती. बाबांस सप्रेम जयभीम, वि. वि.

बाबा, नेले!

काल सकाळी छावणीचे तीन ट्रक आले. धुतलेले, वाळत घातलेले, भट्टीत टाकलेले, सगळे गठ्ठे मागितले. मशीनमधले साबणाच्या पाण्यासकट पोत्यात भरले. मी इस्त्री हातात धरून उभाच राहिलो. तुमचं पत्र डोळ्यापुढं आलं.

मग मले राहवलं नाही. मी सगळ्यांना सांगितलं का आमच्या बाबांनी चौतीस वर्षं पलटणीचे कपडे शिवले, त्यांनी लिहून पाठवलं आहे, आता लढाई इथं येते. एकोणीस माणसांनी अर्ध्या घंट्यात सामान बांधलं. रामटेकचा केशव माझ्या वरच्या खाटेवर झोपते, त्यानं आपला नवा कुकर एका नेपाळी भावाले निम्म्या भावात विकला. नेपाळी भावालेही पळायचं होतं, पण सौदा चांगला होता म्हणे. मालक धावत आला. कोण बोललं, म्हणून विचारलं तर एकोणीस बोटं माझ्याकडं.

मी त्याले सांगून टाकलं का मी सही करत नाही. तुम्ही जिंकले. खरं सांगू का? टीव्हीवर लढाई पाहणं आणि रिकामी भट्टी पाहणं यात फरक आहे.

तुमचा,
प्रशिक

ता. १५ फेब्रुवारी, इंदोरा

चि. प्रशिक यास जयभीम आणि आशीर्वाद.

लगेच निघ. जिंकण्या-हरण्याचं मागून पाहू. तुझं पत्र मेघानं वाचलं आणि मध्येच थांबली, पुढचं मीच वाचलं. आई काल जेवली नाही, तिले वाटते का तिनं फोन बंद केला नसता तर तू आधीच आला असता.

गोपाळरावांसमोर पत्र वाचायले नको होतं. त्यांनी आजच चाळीस पिपे तेल भरून ठेवलं. तिकीट मिळालं का कळव.

तुझा,
बाबा

ता. १९ फेब्रुवारी

ती. बाबांस सप्रेम जयभीम, वि. वि.

आता बसून वाचा, गोपाळराव असतील तर त्यांना आधी पाणी द्या. पलटण हलली हे खरं. पण घराकडं हलली.

मोठ्या देशानं ठरवलं का दम द्यायचा, सामान द्यायचं, पण माणसं उतरवायची नाही. छावणी अर्धी केली. शिपाई पोट्टे ओले कपडे घेऊन हासत हासत विमानात बसले म्हणे. बाबा, तुमच्या कामठीची पलटण चौतीस वर्षांत लढाईवरच गेली का? सुट्टीवर, बदलीवर कधीच नाही? केशव आता रोज भात पातेल्यात शिजवते आणि तुमची याद करते.

मालकानं मले काढलं नाही. अर्धे लोक काढले, मी राहिलो, काहून का माझी इस्त्री चांगली. पण दीडपट पगार गेला. तो पगार भीतीचा होता, भीती कमी झाली तसा तोही कमी झाला. जुन्याच पगारावर दोन वर्षं सही कर म्हणाला.

मी चार दिवस विचार केला. तुमचंही पूर्ण खोटं नाही. गेलेली पलटण एका रात्रीत परत येऊ शकते, पहिलवानाचा काही भरवसा नाही. आणि मी घरी येऊन इंदोऱ्याच्या चौकात बसलो तर महिन्याभरात पुन्हा कुठं तरी पळेन, हे तुम्हालेही माहीत आहे. म्हणून सहा महिन्यांचीच सही केली. इथं मालक पासपोर्ट ठेवून घेतात, तो माझ्या हाती राहील हेही लिहून घेतलं. मालक कुरकुरला, पण मी सांगितलं का आमच्या बाबांची अट आहे. तुमचं नाव ऐकून तो आता घाबरते.

आईले म्हणा जेवत जा. मेघाले पास व्हायले सांगा. तुम्ही रागावाल ते मले माहीत आहे. रागवा, पण माया तेवढीच राहू द्या आणि पुढचं पत्र भांडणाचंच लिहा.

तुमचा,
प्रशिक

ता. क. या महिन्यापासून परतीच्या तिकिटाएवढे पैसे माझ्याजवळच ठेवतो, त्याले हात लावत नाही. म्हणून नेहमीपेक्षा कमी आहेत. पाठवून राहिलो : एकवीस हजार चारशे रुपये.