उंबऱ्यावरचा टोपीवाला

२१ एप्रिल
आज सकाळी दुकानात अगरबत्ती लावली आणि देवांच्या आधी अमेरिकेला काच बसवली. दत्तगुरूंची फ्रेम टेबलाखाली थांबली आहे. त्यांना घाई नसते, भूपेंद्रला असते. तो कतारगामला कॉफीचं दुकान काढतोय. भिंतींसाठी पिट्सबर्ग नावाच्या शहराचे शंभर वर्षांपूर्वीचे फोटो देऊन गेला. "काका, फ्रेम एकदम पुरानी लगनी चाहिए." नव्या लाकडाला चहाचं पाणी पाजलं. झालं जुनं.

शहर कसलं, नुसता धूर. भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लागलेत. ट्राम, घोडे, कारखान्यांच्या चिमण्या, आणि ज्याच्या त्याच्या डोक्यावर टोपी. हसत कोणीच नाही. आमच्या या डिंडोली वस्तीच्या फोटोंकडे बघत शंभर वर्षांनी कोणी कॉफी पिईल का?

२२ एप्रिल
एका फोटोत एक तिशीतला माणूस घोडागाडीच्या चाकाला टेकून बसलाय. टोपी मांडीवर. येता-जाता त्याच्याकडेच लक्ष जातं.

२४ एप्रिल
घोळ झाला. पॉलिश वाळायला परवाच फ्रेमा घरी आणल्या होत्या, तर आज मायनं टोपीवाल्याच्या काचेवर कुंकू लावलं, वर मोगऱ्याची माळ! आमच्याकडे काचेत बसलेला, तोंड मिटलेला माणूस म्हणजे पितरच.

सरला म्हणाली, "सासूबाई, अहो हा गोरा आहे."

"फोटूमा समदा गोरा दिसतस," माय म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुना बाप आसाच बसे. चाकले टेकीसन."

बाप गेला तेव्हा मी दोन वर्षांचा. त्याचा फोटो कधी निघालाच नाही. शाळेच्या दाखल्यावर माझ्या नावापुढे आहे, तेवढाच मला माहीत.
मी माळ तशीच राहू दिली.

२७ एप्रिल
अखाजी तीन दिवसांवर आली. अक्षय्य तृतीयेला पितरांची घागर भरायची, एकेकाचं नाव घेऊन उंबऱ्यावर कुंकवाचं बोट ओढायचं. माय म्हणते, यंदा घागर फोटोपुढेच मांडू.

आता बाप पाणी प्यायला आला आणि त्याच्या जागेवर हा बसलेला दिसला, तर? आल्या पावली परत जाईल. देवाला विचारावं तर दत्तगुरू अजून टेबलाखाली, ते कशाला बोलतील.

सरलाला विचारलं. "खरं सांगाल तर सासूबाई रडतील. नाही सांगाल तर सासरे तहानलेले जातील. बघा बुवा तुम्हीच."

२८ एप्रिल
भूपेंद्र फ्रेमा न्यायला आला.
"काका, एक कम है."
"वो घर पे है. मेरी माँ पूजा करती है उसकी."
त्यानं बाकीच्या फ्रेमा उचलल्या. "रख लो काका. मैं दूसरा प्रिंट निकाल लूँगा."
संध्याकाळी दत्तगुरूंना काच बसवली. तरी बोलले नाहीत.

३० एप्रिल, अखाजी
सकाळी घागर मांडण्याआधी मायला सांगून टाकलं — हा आपला माणूस नाही, अमेरिकेचा कोणी आहे.

"माले माहीत शे," ती आंबे पुसत म्हणाली. "तुना बापले बसाले टाईम कोठे व्हता?"

मग कुंकू कशाला लावलंस?

"तू सारखा त्यानाकडे देखे."

घागर भरली. बापाचं नाव घेऊन उंबऱ्यावर बोट ओढलं. मग शेजारी आणखी एक ओढलं. नाव ठाऊक नव्हतं. मनात म्हटलं, टोपीवाले, या.