डाव्या सीटचा ब्रेक

प्रिय उज्वला,

फोन केला असता, पण तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला बोलता येणार नाही. म्हणून कागद घेऊन बसलोय. सातवीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतंच, तेव्हा अक्षराला हसशील. हस, पण शेवटपर्यंत वाच.

सध्या मी मुंद्र्याला आहे. सिन्नरची कंपनी सोडली, मग सुरत झालं, आता इथे बंदरावर ट्रेलर चालवतो. दिन्याच्या पायाला भिंगरी हाय, असं तू म्हणायचीस ते खरंच. इथला वारा इतका खारा की चहासुद्धा खारट लागतो. आमच्या कंपनीचं ड्रायव्हर शिकवायचं स्वतःचं यार्ड आहे. परवा तिथे तपासणी आली, मान्यता पुढे चालू ठेवायची म्हणून. मला वाटलं आपल्या पेठ रोडच्या ड्रायव्हिंग शाळेसारखंच असेल. आदल्या दिवशी वळणं आखायची पिंपं रंगवायची, भिंतीवरची सिग्नलची चित्रं पुसून घ्यायची, सगळ्यांनी धुतलेले शर्ट घालायचे. पण यांनी सोबत डॉक्टर आणला होता. शिकवणाऱ्या सगळ्या उस्तादांना चपला काढून बसवलं, डोळे मिटायला लावले, आणि प्लास्टिकचा बारीक दोरा तळव्याला टोचून विचारत गेले, कळतंय का म्हणून. मला तिथे उभं राहवेना. ट्रेलरच्या मागे जाऊन तोंडावर पाणी मारलं.

आबांची आठवण आली. तुला ते आबा, मला उस्ताद. शेवटच्या दिवशी ते काय करायचे, आठवतं ना? डाव्या सीटवर बसून चपला काढायचे, पाय वर घेऊन जेवायला बसल्यासारखी मांडी घालायचे. शिकणाऱ्याला कळायचं, आता दुसऱ्या ब्रेकवर कोणाचा पाय नाही, गाडी आपली. भल्याभल्यांना घाम फुटायचा. मला गंगापूर रोडला नेलं तेव्हा मांडी घालून वर शेंगदाणे खात होते, आणि मी बैलगाडीच्या मागे गाडी चालवत होतो तर म्हणाले, बैलाला हॉर्न दे, तो तरी तुला पुढे जाऊ देईल.

पुढे पुढे ते रोजच मांडी घालायला लागले. पहिल्या दिवशीच्या पोरांसोबतसुद्धा. पोरं खूश, उस्तादांचा आपल्यावर भरवसा बसला म्हणून. रंगनाथशेठसुद्धा शाळेत येणाऱ्या गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे. मीही गाड्या धुताधुता तेच समजत होतो.

मग तो तपासणीचा दिवस. साहेब बाहेरून आले होते, बोलायला सज्जन. त्यांनी शिकणाऱ्यांमधून तुला निवडलं आणि आबांना शेजारी बसायला सांगितलं. साहेबांसमोर मांडी चालणार नव्हती, म्हणून आबांनी पाय खाली ठेवले. तू ते बघितलंस, आणि तुझा चेहरा उतरला, तो मी पिंपापासून पाहिला. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची होती. तुझा हाफ क्लच सुटला, गाडी मागे आली. आबांचा पाय खाली, ब्रेक पायाशी, तरी गाडी थांबली नाही. पिंपं उडाली. त्यांच्यामागे नाव घालायला आलेल्या बाया उभ्या होत्या, त्या बाजूला पळाल्या म्हणून बऱ्या.

साहेबांनी विचारलं, तुम्ही ब्रेक का लावला नाही? आबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मुद्दाम नाय लावला. माझी पोरगी सांभाळंल असं वाटलं."

तेवढ्यावर त्यांची डावी सीट गेली. शाळेला मान्यता मिळाली, पण उस्तादांनी गाडीत बसायचं नाही या अटीवर. ते गेटवर चाव्या सांभाळत बसले. आणि तू, जिला बायांना शिकवणारी बाई उस्ताद व्हायचं होतं, परीक्षेला गेलीच नाहीस. तुमच्या घरून भागीमावशी फोनवर रडत सांगत होत्या, रंगनाथशेठ कोर्सला पाठवायला तयार आहेत आणि पोरगी त्या रस्त्यानेसुद्धा जात नाही, म्हणते आबाला मीच खाल्लं.

उज्वला, त्या दिवशी गाडीपाशी पहिला मी पोचलो. तू स्टेअरिंगवर डोकं टेकून होतीस. मी डावा दरवाजा उघडला. आबांचा पाय ब्रेकवर नव्हता, ब्रेकच्या शेजारी होता, मॅटवर. आणि ते दाबत होते. मांडीपर्यंत थरथरत होता पाय, मॅट चेपली होती. माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "दिन्या, थांबली का रे गाडी?"

साखरेनं त्यांच्या पायाची जाणीव गेली होती. म्हणून तर रोजची मांडी. हे कबूल करायचं तर इतके महिने लोकांची लेकरं घेऊन रस्त्यावर गेलो तेही कबूल करायचं. ते जमलं नाही त्यांना. तुझ्यावरच्या भरवशाचं बोलले आणि समजले की पोरीची लाज राखली. तुझ्या डोक्यावर काय ठेवलं ते त्यांना मागाहून कळलं. त्याच पायाची जखम चिघळली, पाय कापला, आणि मग ते गेले. तुझ्या चढामुळे नाही गं.

मला तेव्हा त्यांनी त्यांच्या घरच्या भाकरीची शपथ घातली होती, हे कुणाला सांगायचं नाही म्हणून. ती घेऊन तुझ्यासमोर रोज चहा प्यायला येणं मला झेपेना, म्हणून मी सिन्नर गाठलं, मग पुढे पुढे जात राहिलो. तू मला थांब म्हणाली असतीस तर काय झालं असतं, ते आता राहू दे.

पाय कापल्यावर त्यांनी दवाखान्यातून मला फोन केला. म्हणाले, "मी गेल्यावर तिला सांग. जित्तेपणी तिच्या डोळ्यात बघायचं बळ नाय. म्हणावं, मी ब्रेक दाबला होता. लय जोरात दाबला होता." म्हणून त्यांचं दिवसकार्य होईपर्यंत थांबलो आणि आज लिहिलं. शिकणाऱ्यानं चुकायचंच असतं, त्यासाठीच डावीकडे ब्रेक दिलाय, हे तेच शिकवायचे. ती सीट अजून रिकामी आहे म्हणतात. जा, बस तिथे. फक्त एक कर, पाय खालीच ठेव. शेवटच्या दिवशीसुद्धा मांडी घालू नकोस.

जिथे असेन तिथून तुझाच,
दिनेश